तपासणी झाली, समजावून सांगणे राहिले

१९ जून हा जागतिक सिकलसेल दिन. सिकलसेल हा आईवडिलांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २००८ मध्ये तसा ठराव केला आणि तेव्हापासून तो जगभर पाळला जातो. विदर्भात मात्र त्या दिवशी शाळांना कुलूप असते. उर्वरित महाराष्ट्रातील शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात. आमच्याकडे उन्हाच्या तडाख्यामुळे त्या महिनाअखेरीस उघडतात. त्यामुळे ज्या भागात या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत, त्याच भागातील शाळकरी मुलांपर्यंत त्या दिवसाचे काहीही पोहोचत नाही. आरोग्य केंद्राच्या दारावर फलक लागतो, एखादी फेरी निघते, वर्तमानपत्रात छायाचित्र येते आणि जुलै उजाडतो.

मी चंद्रपूर जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या भागात सिकलसेल हा शब्द माहीत नसलेले घर आता क्वचितच सापडेल. रक्ततपासणीची शिबिरे होतात, आशाताई घरोघरी जातात, शाळेत आरोग्य पथक येते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाले. १७ राज्यांतील आदिवासीबहुल भागांत चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उरू द्यायचा नाही, असे त्याचे उद्दिष्ट आहे. एवढ्या मोठ्या प्रमाणावर हे काम हाती घेतले गेले, याचे मला मनापासून समाधान आहे. तरीही रोज मुलांमध्ये वावरताना एक गोष्ट सारखी टोचत राहते. आपण रक्त तपासतो, निकालाचे कार्ड हाती देतो, आणि त्या कार्डाचा अर्थ काय, त्यानंतर जगायचे कसे, हे सांगायला थांबत नाही.

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आनुवंशिकतेच्या पाठात या आजाराची माहिती आहे. तो पाठ शिकवून झाल्यावर मधल्या सुट्टीत एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. तिने कंपासपेटी उघडली, तळाशी चार घड्या घालून ठेवलेले कार्ड काढले आणि माझ्यासमोर धरून विचारले, ‘मॅडम, माझ्या कार्डावर एएस लिहून आहे. मी किती वर्षं जगीन?’ ते कार्ड तिला सातवीत असताना शिबिरात मिळाले होते. शिबिरात कोणी तरी ‘हिला सिकलसेल निघाला’ एवढेच बोलले होते आणि तेवढेच शब्द तिच्याबरोबर घरी गेले होते. घरी आजीने देवाला नवस बोलला, आईने तिला शेतात पाठवणे बंद केले, आणि ही मुलगी दोन वर्षे आपण मरणार असे मानून शाळेत येत होती. कबड्डीच्या संघातून तिने स्वतःचे नाव काढून घेतले होते. तिला कोणताही आजार नव्हता.

ही एकच गोष्ट नीट समजली, तर कितीतरी घरांतली भीती जाईल. प्रत्येकाला हिमोग्लोबिनची सूचना देणारी दोन जनुके मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. दोन्ही सर्वसाधारण असली की ती व्यक्ती एए. एक सर्वसाधारण आणि एक सिकलसेलचे असले की एएस, म्हणजे वाहक. दोन्ही सिकलसेलची असली की एसएस, म्हणजे रुग्ण. वाहक व्यक्ती रुग्ण नसते आणि पुढे रुग्ण होतही नाही. तिला औषध लागत नाही, ती शेतात राबू शकते, धावू शकते, बाळंत होऊ शकते, इतरांइतकेच आयुष्य जगते. वाहकाने आपले वाहक असणे लक्षात ठेवायचे ते लग्न ठरवताना आणि मूल होऊ देताना. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता २५ टक्के, एएस असण्याची ५० टक्के आणि एए असण्याची २५ टक्के असते. यातील ‘प्रत्येक’ या शब्दावर मी वर्गात फार जोर देते. पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन धडधाकट होतील, असा हिशेब मांडणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. निसर्ग मागचे मूल मोजत नाही. प्रत्येक वेळी तीच शक्यता नव्याने उभी राहते.

आजाराचे मूळ अतिशय लहान बदलात आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानावर ग्लुटामिक आम्ल असायला हवे, तिथे व्हॅलिन येते. तेवढ्याने होते असे, की प्राणवायू सोडून दिल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब, कडक धागे तयार होतात आणि मऊ, गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठ होते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते. ही पेशी १० ते २० दिवसांत फुटते. म्हणून रक्त कायम कमी राहते आणि फुटलेल्या पेशींतील रंगद्रव्यामुळे डोळे पिवळे दिसतात. अनेक घरांत हे पिवळे डोळे पाहून मुलाला कावीळ उतरवणाऱ्याकडे नेले जाते आणि त्यात मोलाचा काळ जातो. दुसरा परिणाम याहून क्रूर आहे. ताठ पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि हाडांत, पाठीत, छातीत, पोटात असह्य वेदना सुरू होतात. लहान बाळांमध्ये याची सुरुवात बहुधा हातापायांचे पंजे सुजण्याने होते. सहा-आठ महिन्यांचे बाळ पंजे सुजून रडत असेल, तर मार लागला असेल किंवा दृष्ट लागली असेल असे म्हणत न बसता सिकलसेलची तपासणी करून घ्यावी.

वैद्यकाने हा आजार प्रथम नोंदवला तो १९१० मध्ये शिकागोत. ग्रेनाडाहून दंतवैद्यक शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्तात जेम्स हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या पेशींचे वर्णन केले. १९४९ मध्ये लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचे दाखवले, आणि एखाद्या रोगाचे कारण रेणूच्या पातळीवर सापडण्याची ती पहिली वेळ होती. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरांतील आदिवासींमध्ये तो आढळला. नागपुरातील शुक्ल आणि सोलंकी यांनी मध्य भारतातील वाहकांविषयीचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये लिहिला तो १९५८ मध्ये. म्हणजे विदर्भात सिकलसेल आहे हे शास्त्राला कळून साठाहून अधिक वर्षे झाली. गावातल्या बाईला तिच्या मुलाच्या दुखण्याचे नाव कळायला त्यानंतर किती दशके गेली, याचा विचार केला की मन विषण्ण होते.

हा आजार आमच्याच वाट्याला का, असे पालक विचारतात, आणि त्यांच्या मनातले उत्तर बहुतेक वेळा ‘मागच्या जन्मीचे पाप’ असेच असते. शास्त्राचे उत्तर याच्या नेमके उलट आहे. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून दाखवले, की सिकलसेलच्या वाहकाला हिवतापाच्या जीवघेण्या प्रकारापासून संरक्षण मिळते. दाट जंगलांच्या, हिवतापाने पिढ्यान्‌पिढ्या पोखरलेल्या प्रदेशात ज्यांच्या रक्तात हे एक जनुक होते ती मुले तगली, मोठी झाली, त्यांनी वंश वाढवला. गडचिरोलीच्या जंगलात आजही हिवताप आहे, हे लक्षात घेतले की नकाशावर हे दोन्ही आजार एकाच पट्ट्यात का दिसतात ते समजते. आपले पूर्वज ज्यामुळे जगले त्याचीच ही खूण आहे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मात्र या माहितीचा एक चुकीचा अर्थ काढला जातो, तो आधीच खोडून काढते. हे संरक्षण वाहकाला आहे. एसएस रुग्णाला हिवताप झाला तर तो इतरांपेक्षा अधिक धोकादायक ठरतो, त्यामुळे त्याच्या घरी मच्छरदाणी हवीच.

‘हा आदिवासींचा आजार आहे’ हेही वाक्य मला सतत ऐकू येते आणि ते बोलणारे बहुतेक वेळा स्वतःची तपासणी टाळत असतात. गोंड, माडिया, परधान, कोरकू, तिकडे नंदुरबारकडे भिल्ल आणि पावरा या समाजांत प्रमाण जास्त आहे, हे खरे. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालय अनुसूचित जमातींमध्ये ८६ जन्मांमागे एक बाळ या आजाराचे असल्याचे सांगते. पण विदर्भात अनुसूचित जातींमध्येही सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे आणि इतर मागासवर्गीय समाजांतही तो आढळतो. शिवाय भारतातील सिकलसेल आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य असतो, असे जे सरसकट म्हटले जाते तेही इथे फारसे लागू पडत नाही. इथल्या अनेक रुग्णांच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जास्त टिकून राहते आणि त्याने काहींचा त्रास कमी होतो, हे मान्य. तरी नागपूर परिसरात झालेल्या अभ्यासांत तीव्र आजार असलेली मुले पुष्कळ आढळली आहेत. ‘सौम्य आहे’ या समजुतीने उपचारात ढिलाई येते, म्हणून हे सांगणे मला आवश्यक वाटते.

आता तपासणीविषयी. शिबिरात बहुधा जी पहिली चाचणी होते, ती पाहण्यासारखी आहे आणि मी ती मुलांना जवळून पाहायला लावते. एका लहान काचेच्या नळीत रसायन असते, बोटातून काढलेले थोडेसे रक्त त्यात टाकून हलवतात आणि काही मिनिटांनी ती नळी काळ्या रेघा असलेल्या कागदासमोर धरतात. द्रावण पारदर्शक राहून मागच्या रेघा स्वच्छ दिसल्या, तर सिकलसेल हिमोग्लोबिन नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर ते आहे. चाचणी स्वस्त आहे आणि झटपट होते, पण तिच्या मर्यादा कोणी सांगत नाही. नळी गढूळ झाली म्हणजे व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे तिच्यावरून ठरत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे करून दाखवणारी पुढची चाचणी लागते. सहा महिन्यांखालील बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन भरपूर असल्याने नळीतली चाचणी फसवे उत्तर देऊ शकते. नुकतेच रक्त चढवलेल्या व्यक्तीचा अहवालही चुकू शकतो. म्हणून पहिल्या चाचणीवर ‘सिकलसेल निघाला’ असे जाहीर करून मोकळे होणे हा अन्याय आहे. पक्का अहवाल हाती येईपर्यंत काहीही जाहीर करू नये, आणि आल्यावर तो त्या कुटुंबाला बाजूला बसवून सांगावा.

आणखी एक गोष्ट शिबिरांतून जवळजवळ कधीच सांगितली जात नाही. एका जोडीदाराला सिकलसेलचे जनुक असेल आणि दुसऱ्याची नळीतली चाचणी ‘नाही’ म्हणत असेल, तरी दुसरा बीटा थॅलेसेमियाचा, म्हणजे रक्ताच्याच दुसऱ्या एका आनुवंशिक आजाराचा, वाहक असू शकतो. ही दोन जनुके एकत्र आली की होणारे मूल सिकल-बीटा-थॅलेसेमियाचे असते आणि त्याचा त्रास कधी कधी एसएस रुग्णाइतकाच तीव्र असतो. वाहकाच्या भावी जोडीदाराची एचपीएलसी करून घेणे त्यामुळेच इष्ट. नळीतल्या चाचणीवर भागवू नये.

लग्नाचा विषय निघाला की आमच्या भिंतींवर ‘जन्मपत्रिका नको, रक्तपत्रिका जुळवा’ अशा अर्थाच्या घोषणा दिसतात. त्यांचा हेतू चांगला आहे, परंतु प्रत्यक्षात त्यांचा सगळा भार मुलींवर पडतो. स्थळ पाहायला आलेले लोक मुलीचे कार्ड मागतात. मुलाचे रक्त तपासले का, असे विचारण्याची हिंमत मुलीच्या बापाला होत नाही. मग मुलीचे कार्ड पेटीच्या तळाशी जाते किंवा चुलीत. वाहक मुलीचे लग्न एए मुलाशी झाले, तर त्यांचे एकही मूल सिकलसेलचे रुग्ण होणार नाही, निम्मी शक्यता वाहक असण्याची आणि निम्मी तीही नसण्याची. म्हणजे ती मुलगी नाकारण्याचे कारणच उरत नाही. फक्त मुलाने रक्त तपासायला हात पुढे करायला हवा. दोघेही वाहक निघाले तरी लग्न करू नये असा कोणताही कायदा नाही. त्यांना गरोदरपणाच्या १० ते १२ आठवड्यांच्या सुमारास वारेचा बारीक नमुना घेऊन बाळाची स्थिती जाणून घेता येते. पुढचा निर्णय सर्वस्वी त्या दोघांचा असतो. पण हे सगळे त्यांना लग्नाआधी, निदान दिवस राहण्याआधी माहीत हवे. पाचव्या-सहाव्या महिन्यात प्रथमच रक्त तपासून आलेला अहवाल त्या बाईच्या हाती काळजीशिवाय दुसरे काही देत नाही. तुळशीचे लग्न लागले की आमच्याकडे सोयरिकी सुरू होतात. तपासणीचा आग्रह धरायचा तर तो त्याआधी, दिवाळीच्या सुट्टीत धरावा.

मात्र इथे मला एक आक्षेप नोंदवायचा आहे. जनजागृतीचा जवळजवळ सगळा भर पुढे जन्माला येणाऱ्या बाळांवर आहे. आज जी मुले हा आजार घेऊन जगत आहेत, वर्गात बसली आहेत, त्यांच्याशी आपण काय बोलतो? ‘असे मूल जन्माला येऊ नये’ हे वाक्य भाषणात ऐकताना समोर बसलेल्या एसएस मुलाच्या चेहऱ्याकडे मी पाहिले आहे, आणि त्यानंतर कोणत्याही कार्यक्रमात ते वाक्य मी बोलू दिलेले नाही.

शाळेच्या चार भिंतींत या मुलांसाठी करता येण्यासारखे फार आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. त्यांच्या शरीरातील पाणी कमी झाले की पेशी अधिक वाकड्या होतात, म्हणून त्यांनी दिवसभर भरपूर पाणी प्यायला हवे. त्यांच्या मूत्रपिंडांना लघवी घट्ट करणे जमत नाही, त्यामुळे त्यांना वारंवार जावे लागते आणि काही मुले रात्री अंथरूण ओले करतात. तासाला दोनदा हात वर करणाऱ्या मुलाला शिक्षक ‘बस खाली’ म्हणतात, मग ते मूल पाणी पिणेच सोडून देते आणि दुपारी त्याचे पाय दुखू लागतात. एवढी साधी साखळी एखाद्या शिक्षकाला कळली तरी एक मूल दवाखान्यापासून वाचू शकते. आश्रमशाळेत डिसेंबरच्या पहाटे गार पाण्याने अंघोळ करणे या मुलांना सोसत नाही. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि दुखणे उठते. त्यांना कोमट पाणी आणि अंगभर गरम कपडे मिळाले पाहिजेत. त्यांनी खेळावे, पण दम लागला की थांबण्याची मोकळीक हवी. मैदानाला फेऱ्या मारण्याची शिक्षा तर त्यांना कधीच देऊ नये. शाळेत दर सोमवारी लोहाची निळी गोळी वाटली जाते. वाहक मुलांनी ती खुशाल घ्यावी. एसएस मुलांचे रक्त लोहाच्या कमतरतेने कमी झालेले नसते आणि वारंवार रक्त चढवलेल्यांच्या शरीरात लोह साठते, म्हणून त्यांना ती गोळी डॉक्टरांना विचारूनच द्यावी. फॉलिक ॲसिड मात्र त्यांना रोज लागते.

घरच्यांनी काही खुणा तोंडपाठ ठेवल्या पाहिजेत, कारण तिथे तासांचा प्रश्न असतो. १०१ अंशांपर्यंत चढलेला ताप, छातीत दुखणे किंवा धाप लागणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, अचानक पांढरे पडणे. लहान मुलांमध्ये पुष्कळसे रक्त एकाएकी प्लीहेत, म्हणजे डाव्या बरगडीखालच्या पानथरीत, साठते. पोट फुगते, मूल मलूल होते आणि काही तासांत जिवावर बेतते. आईला डाव्या बरगडीखाली बोटांनी दाबून पानथरी वाढली का हे पाहायला शिकवता येते. तिला ते एकदा दाखवले की ती कुशलतेने करते. मुलग्यांच्या बाबतीत आणखी एक त्रास असतो, तो लाजेमुळे दडवला जातो. लिंगाला ताठरता येऊन ती वेदनेसह तासन्‌तास टिकते. चार तासांच्या वर गेली तर कायमची इजा होऊ शकते, म्हणून त्याआधीच रुग्णालय गाठावे. वडिलांनी किंवा एखाद्या शिक्षकाने हे मुलग्यांना स्पष्ट शब्दांत आधीच सांगून ठेवावे.

या आजाराला औषध नाही, असे लोक म्हणतात. तेही पूर्ण खरे नाही. १९८६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने सिद्ध केले, की सिकलसेलच्या बाळांना रोज दोन वेळा पेनिसिलिन दिल्यास न्यूमोकोकस या जंतूच्या जीवघेण्या संसर्गाचे प्रमाण फार मोठ्या प्रमाणात घटते. न्यूमोकोकसची लस २०२१ पासून देशभरातील नियमित लसीकरणात मोफत मिळते. १९९५ मधील दुसऱ्या एका मोठ्या चाचणीत हायड्रॉक्सियुरियामुळे प्रौढ रुग्णांमधील वेदनेचे झटके जवळपास निम्म्याने कमी झाले. ही गोळी शरीराला गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा तयार करायला लावते आणि त्या हिमोग्लोबिनमुळे पेशी वाकण्याचे प्रमाण कमी होते. ती रोज, वर्षानुवर्षे घ्यावी लागते, अधूनमधून रक्त तपासावे लागते आणि मूल होऊ देण्याचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे लागते. मूळची ती कर्करोगावरील गोळी. औषधाच्या दुकानात कोणी ‘ही तर कॅन्सरची गोळी’ असे म्हणते आणि पालक घाबरून ती बंद करतात. दुखणे थांबले की गोळीही थांबते, हा प्रकार त्याहून जास्त. बोन मॅरो प्रत्यारोपणाने काही रुग्ण पूर्ण बरे झाले आहेत. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने जनुक संपादनावर आधारित उपचारालाही मान्यता दिली. त्याची अमेरिकेतील किंमत बावीस लाख डॉलर. तो उपचार आमच्या तालुक्यात येईल तेव्हा येवो; पेनिसिलिन, फॉलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सियुरिया यांची किंमत आपल्याला आजच परवडते, आणि त्यांचा पुरवठा एक आठवडाही खंडित होता कामा नये.

सर्वात जास्त त्रास होतो तो वेदनेवर कोणी विश्वास ठेवत नाही तेव्हा. आमचा दहावीतला एक विद्यार्थी झटका आल्यावर गुडघे छातीशी घेऊन, दात घट्ट आवळून, आवाज न करता बसायचा. लहानपणापासून दुखणे सोसत आलेली मुले रडत नाहीत. रडून उपयोग नाही हे त्यांना केव्हाच कळलेले असते. त्याला एका रुग्णालयात नेले तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्याने ‘रडत तर नाही, याला इंजेक्शनची सवय लागली आहे’ असे त्याच्या वडिलांसमोर म्हटले. ना ताप, ना जखम, ना सूज. बाहेरून काही दिसत नाही म्हणून आत काही नाही, असे ठरवले गेले. मुलाने शेवटी वेदना सांगणेच बंद केले. सिकलसेलच्या रुग्णाची वेदना तो सांगतो तेवढीच असते, असे मानून उपचार सुरू करावेत, सलाईन आणि पुरेसे वेदनाशामक लवकरात लवकर द्यावे. डॉक्टर, परिचारिका, वसतिगृहाचे अधीक्षक आणि आम्ही शिक्षक, सगळ्यांनाच हे शिकवायला हवे. जनजागृती गावकऱ्यांचीच करायची असते, ही समजूत मला मान्य नाही.

या मुलांच्या काही हक्कांची माहितीही घरोघरी नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारांची नोंद आहे, त्यांत सिकलसेल आहे. प्रमाणपत्र काढले की बोर्डाच्या परीक्षेत तासाला २० मिनिटे जास्त मिळतात. बोटे आखडलेल्या मुलाला त्या मिनिटांचे मोल विचारावे. एसटीच्या प्रवासात सवलत आहे, रक्तपेढीतून रक्त मोफत मिळण्याची तरतूद आहे. सरकारी नोकऱ्यांतील दिव्यांगांच्या चार टक्के आरक्षणात मात्र रक्ताच्या आजारांना स्थान नाही. महिन्यातून चार-सहा दिवस अंथरुणात घालवून पदवीपर्यंत पोहोचणाऱ्या तरुणाला कायदा दिव्यांग मानतो आणि नोकरीच्या दारात मानत नाही, ही विसंगती दूर झाली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

तपासणीच्या वयाबद्दलही फेरविचार व्हावा. पेनिसिलिनचा खरा लाभ मिळतो तो पहिल्या पाच वर्षांत, पानथरीचा धोका असतो तोही त्याच वयात. सातवीत, नववीत तपासणी झाली की जी मुले त्या वयापर्यंत पोहोचली तीच आपल्याला दिसतात. जी तापाने किंवा ‘रक्त कमी झाल्याने’ तान्हेपणी गेली त्यांची सिकलसेल म्हणून नोंदही होत नाही. बाळ जन्मल्यावर टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब कागदावर वाळवून एचपीएलसीसाठी पाठवता येतात. जास्त प्रमाण असलेल्या जिल्ह्यांत प्रत्येक नवजात बाळाची अशी तपासणी झाली, तर अहवाल येईल तेव्हा मूल आईच्या मांडीवर असेल आणि औषध वेळेवर सुरू होईल.

राज्याचा आरोग्य विभाग डिसेंबरात सिकलसेल सप्ताह पाळतो आणि तेव्हा आमची शाळा सुरू असते. यंदा त्या सप्ताहात आम्ही फेरी काढणार नाही. प्रत्येक कुटुंबाला आपापले कार्ड घेऊन वेगवेगळ्या वेळी बोलावले आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील समुपदेशक आणि आशाताई येणार आहेत, बोलणे दार लावून स्वतंत्र खोलीत होईल, आणि वडिलांनी व मोठ्या भावांनीही सोबत यावे, असे निरोपात मुद्दाम लिहिले आहे. ज्यांची तपासणी राहिली आहे त्यांचे रक्त तिथेच घेतले जाईल. पहिली वेळ कंपासपेटीत कार्ड ठेवणाऱ्या त्या विद्यार्थिनीच्या आजीने मागून घेतली आहे.